दमाचे दिवस

‘टेपर’ म्हणजे मुळात मेणबत्ती. जुन्या इंग्रजीत ‘तापोर’ हा शब्द मेणाच्या बारीक दिव्यासाठी होता आणि तो लॅटिन ‘पापिरुस’वरून आलेला असावा, पापिरसच्या गाभ्याची वात करीत. लागोपाठ दोन ‘प’ आले की जीभ एकाला बाजूला सारते, तसा इथे पहिल्या ‘प’चा ‘त’ झालेला दिसतो. हे खरे असेल तर ‘पेपर’ आणि ‘टेपर’ ही एकाच लव्हाळ्याची लेकरे. मेणबत्ती टोकाकडे बारीक होत जाते म्हणून ‘निमुळते होणे’ हे क्रियापद निघाले, आणि त्यावरून मॅरेथॉनच्या आधीचे ते दोन-तीन आठवडे, ज्यांत रोजचे अंतर उतरत जाते.

हा शब्द माझ्या ओसरीवर आणला तो आमच्या गावच्या, हिमायतनगरच्याच एका पोराने. पहाटे भोकर रस्त्याने धावतो; मुंबईच्या जानेवारीतल्या मॅरेथॉनला अठरा दिवस उरलेले. “काका, टेपर सुरू झालाय. याला मराठीत काय म्हणायचं?” मी ‘निमुळता काळ’ म्हणालो आणि दोघेही हसलो. निमुळतेपण हा आकार झाला. त्या दिवसांतली तगमग त्यात कुठे आहे?

जाता जाता ‘मॅरेथॉन’चेही सांगून टाकतो. ग्रीकमध्ये ‘माराथॉन’ म्हणजे बडीशेप. तिचे रान माजलेली जागा ते मॅरेथॉन. ‘मराठा’शी तिचे नाते जोडायचा मोह आवरावा. मराठवाड्याचे मॅरेथॉनशी नाते आहे ते ध्वनीचे नव्हे, पायांचे: परभणीच्या ज्योती गवते २०१७ साली मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिल्या आल्या होत्या.

आता त्या तगमगीकडे वळू. ती आपल्या ‘कसरत’ या शब्दातच दडलेली आहे. अरबी ‘कस्रत’ म्हणजे विपुलता, पुष्कळपणा. उर्दूत हा अर्थ अजून जिवंत आहे, आणि ‘अक्सर’ म्हणजे बहुधा, पुष्कळदा, हा त्याच धातूचा. पुन्हा पुन्हा, पुष्कळ करायची गोष्ट ती कसरत, असा अर्थ व्यायामाकडे सरकला असावा. म्हणजे ‘कसरत कमी कर’ असे सांगणे म्हणजे ‘पुष्कळ थोडे कर’ असे सांगण्यासारखेच. सहा महिने ज्याने पुष्कळपणाची उपासना केली, त्याला थोडेपणा पचत नाही यात नवल काय?

तिच्या शेजारीच ‘कसर’ बसली आहे. दिसायला सख्खी बहीण, पण घराणे वेगळे. अरबी ‘कस्र’ म्हणजे मोडणे, तुटणे, अपूर्णांक. त्यावरून तूट, उणीव. अरबीत या दोन शब्दांतले ‘स’ निराळे आहेत. एक दातांत जीभ धरून उच्चारायचा, दुसरा साधा. आपल्याकडे येताना दोन्ही एकाच ‘स’मध्ये मिसळले आणि विपुलता व उणीव शेजारणी झाल्या. टेपरमध्ये माणूस नेमका याच दोघींच्या मध्ये सापडतो. कसरत कमी झाली की कसर दिसू लागते. न दुखणारा गुडघा दुखतो, पोटरीत काहीतरी खुपते, झोप उडते. मग डिसेंबरातली ती चुकलेली लांब धाव आठवते आणि शेवटच्या आठवड्यात कसर भरून काढायचा विचार डोक्यात येतो. तो विचार घात करतो, कारण आता धावलेल्याचे बळ शर्यतीपर्यंत अंगात उतरत नाही, थकवा तेवढा उतरतो. या दिवसांत हवी असते ती ‘काटकसर’.

मग विश्रांतीचे शब्द चालतील का? ‘विसावा’ सुंदर आहे. संस्कृत ‘विश्रम’, प्राकृत ‘विस्सम’, आणि पुढे ‘ग्राम’चे गाव, ‘नाम’चे नाव झाले त्याच वाटेने ‘म’चा ‘व’. पण विसाव्यात श्रम संपलेले असतात. ‘आराम’ गमतीचा आहे. संस्कृत ‘आराम’ म्हणजे बाग, रमण्याची जागा. विश्रांतीचा अर्थ मात्र आपण फारसीकडून घेतलेला दिसतो. दोन्हींच्या मुळाशी एकच ‘रम्’, ज्याचा वेदकाळातला अर्थ थांबणे, स्थिरावणे असाही आहे. थांबला तो रमला, ही जुनी समजूत फार गोड. तरीही टेपर म्हणजे थांबणे नव्हे. अंतर निम्म्यावर येते, पण वेग सोडायचा नसतो. थोड्या धावा शर्यतीच्या चालीने करायच्याच असतात.

हे सगळे घोळत असताना पोराची आजी ओरडली, “दम खा की जरा!” आणि शब्द सापडला.

‘दम’ हा संगमावरचा शब्द आहे. संस्कृत ‘दम’ म्हणजे आवरणे, वश करणे. लॅटिन ‘डोमारे’ आणि इंग्रजी ‘टेम’ त्याचे चुलतभाऊ. शम-दमाच्या जोडीतला हाच, आणि जू घ्यायला शिकवायच्या गोऱ्ह्याला संस्कृतात ‘दम्य’ म्हणत तेही यावरूनच. फारसी ‘दम’ म्हणजे श्वास. त्याचे संस्कृत भावंड हा ‘दम’ नसून ‘धम्’ म्हणजे फुंकणे हा धातू. धमनी त्याचीच लेक. इराणी भाषांत ‘ध’चा ‘द’ झाला आणि दोन परके शब्द मराठीत येऊन एकरूप झाले. ‘दम लागणे’, ‘बेदम’, ‘एका दमात’ ही फारसी श्वासाची प्रजा. ‘दमणे’ कोणाचे? बैल दमतो तेव्हा तो वश झालेला असतो आणि धापाही टाकत असतो. ‘दम धर’ म्हणताना आपण श्वास रोखायला सांगतो की मनाला आवर घालायला? दोन्ही असावे.

आमच्या सीमेपलीकडे तेलुगूत ‘दम्मु’ म्हणजे धमक. आणि निजामाच्या मुलखात वाढलेल्याला ‘दम’ म्हटल्यावर बिर्याणी आठवणारच. हंडीचे तोंड कणकेने बंद करायचे, निखारे मंद करायचे आणि झाकण उघडून बघायचे नाही. आच कमी होते, पण विझत नाही. स्वाद त्याच वेळात मुरतो. स्नायू शिवले जातात, त्यांत साखरेचा साठा भरतो, तोही असाच झाकणाखाली. गुडघा दाबून बघणारा धावपटू म्हणजे घडोघडी झाकण उचलणारा स्वयंपाकी.

राहता राहिले गावाचे नाव. हे मूळचे वाढोणा. त्यातली ‘वाढ’ कानाला भुलवते, पण ‘ओणा’ हा ‘वन’ असावा आणि आधीचा ‘वड’. ‘हिमायत’ मात्र स्वच्छ अरबी: रक्षण, पाठराखण. त्याच धातूचा ‘हिमा’ म्हणजे चराईबंदी केलेले राखीव कुरण, आणि ‘हिम्या’ म्हणजे पथ्य. न चरू देऊन गवत राखायचे, न खाऊन देह राखायचा. राखणे म्हणजे काही न करणे नव्हे, हे या धातूला ठाऊक होते.

तेव्हा माझ्यापुरता निकाल असा: टेपर म्हणजे ‘दमाचे दिवस’. जत्रेतल्या कुस्त्यांआधी जोर-बैठका उतरवण्याला एखाद्या तालमीत जुना शब्द चालत असेल, तर वस्तादांना विचारून तो जरूर कळवावा. माझा हट्ट नाही. पोराला मात्र एवढेच सांगितले: कसर शोधू नकोस, दम खा.