पान्हा आणि आडोसा

दिल्लीच्या टेकडीवरील हिंदूराव रुग्णालयाचे नाव कागलच्या हिंदूराव घाटग्यांचे. हे बायजाबाई शिंद्यांचे बंधू. रुग्णालय पुढे महानगरपालिकेचे झाले. त्याच पालिकेच्या रस्त्यांवर रोजंदारीने चर खणणाऱ्या स्त्रियांना प्रसूतिरजा मिळत नसे. सर्वोच्च न्यायालयाने ती 2000 साली देवविली. 1961 च्या कायद्याने मूल 15 महिन्यांचे होईपर्यंत आईला दूध पाजण्यासाठी रोज दोनदा सवडही दिली होती. पण मूल घरी नि आई कामावर! दुपारी पान्हा दाटला, की दूध काढून ठेवावयाचे कोठे? 2017 च्या दुरुस्तीने 50 वा अधिक नोकर असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सक्ती केली. दूध काढण्यासाठी, कडी लागणाऱ्या खोलीचा उल्लेख मात्र तीतही आला नाही. मग चर खणणारीस आडोसा उरला तो पदराचा.