पट्टीतली वजावट : वऱ्हाडचा कास्तकार आणि बाजारातल्या सेवा



सेवा म्हटलं की आपल्याला बँक, मोबाइल, कॉल सेंटर आठवतं. पण अमरावती-अकोल्याचा कास्तकार दीडशे वर्षांपूर्वीही सेवा विकत घेतच होता. घरात जुनी कापसाची पट्टी असेल तर काढून बघा. वर वजन आणि भाव, खाली वजावट : अडत, हमाली, तोलाई. ही वजावट म्हणजेच सेवांचं बिल. फक्त ते मागावं लागत नाही, आधीच कापलेलं असतं.

गावातली रीत वेगळी होती. सुतार वखर-तिफण नीट करायचा, लोहार फाळाला धार लावायचा आणि सुगीनंतर खळ्यावर धान्य घेऊन जायचा. हे बलुतं. त्यात जातीची उतरंड होती, तेव्हा त्याचे गोडवे गायला नकोत. पण काम बिघडलं तर कोणाला विचारायचं, हे कास्तकाराला पक्कं ठाऊक होतं.

मग बाजार बदलला. १८५३ मध्ये वऱ्हाड प्रांत निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आला. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी चालली, तिथला कापूस अडला आणि मँचेस्टरची नजर इकडे वळली. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली. अकोला, अमरावती, खामगाव ही कापसाची मोठी ठाणी झाली.

आता बंडी घेऊन बाजारात आलेला कास्तकार डोळ्यांपुढे आणा. माल अडत्याकडे उतरवायचा, सौदा दलाल जुळवणार, तराजू मापाऱ्याच्या हातात, ओझं हमालाच्या पाठीवर. या सगळ्यांचे पैसे बहुतेक कास्तकाराच्याच कापसातून जायचे. पण मापाऱ्याला उद्याही काम हवं असेल, तर त्याने खूश कोणाला ठेवायचं? हंगामात दोन-चार बंड्या आणणाऱ्याला, की रोज खरेदी करणाऱ्या व्यापाऱ्याला? गोम इथे आहे. पैसे एकाचे आणि पोट दुसऱ्यावर अवलंबून.

सरकारने यात हात घातला तो १८८६ मध्ये, कारंजा इथे. हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशाने तिथे देशातला पहिला नियंत्रित कापूसबाजार सुरू झाला. (कारंजा आज वाशीम जिल्ह्यात आहे, हा जिल्हा १९९८ मध्ये अकोल्यातून वेगळा झाला.) यामागे निव्वळ कास्तकाराचा कळवळा होता असं समजू नका, इंग्लंडच्या गिरण्यांना चांगला कापूस रास्त भावात हवा होता. १८९७ मध्ये वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजारांचा कायदाच आला. तराजू-मापं तपासायची, मनमानी कट्टी बंद करायची, अनधिकृत बाजाराला दंड करायचा, असा त्याचा रोख. पण देखरेख करणाऱ्या समितीवर वजन होतं व्यापाऱ्यांचंच! १९२८ च्या शाही कृषी आयोगाने नियंत्रित बाजार देशभर व्हावेत अशी शिफारस केली, आणि वऱ्हाडच्या व्यवस्थेतले दोषही दाखवले. पुढे १९६३ च्या महाराष्ट्राच्या कायद्याने बाजार समितीत शेतकऱ्यांच्या प्रतिनिधींना जागा दिल्या.

मी मूळची विज्ञानाची विद्यार्थिनी. प्रयोगशाळेत पहिली सवय लावतात ती तराजू तपासण्याची, कारण तराजू चुकला तर पुढचं सगळं गणित चुकतं. इतिहासात एक प्रश्न वाढतो : तराजू तपासणारा कोणाचा?

तुम्ही अशा विषयावर काम करणार असाल तर नुसते दर गोळा करून थांबू नका. प्रत्येक सेवेपुढे तीन रकाने आखा : पैसे कोण देतो, सेवा देणारा कोण निवडतो, तक्रार कोण ऐकतो. तिन्ही रकान्यांत एकच नाव आलं, तर ग्राहकाच्या हातात काहीतरी आहे. वेगवेगळी नावं आली, तर तुमचा संशोधनप्रश्न तिथेच सापडला म्हणून समजा.

हेच रकाने आज गावातल्या ट्रॅक्टरवाल्याला, फवारणीवाल्याला, काट्यावर वजन करून देणाऱ्याला लावून बघा. आणि हो, आजोबांच्या पेटीतली ती पट्टी रद्दीत घालू नका. ती अस्सल साधन आहे.