सिल्वासाचे सात वर्षांचे राज्य

मराठी आरमाराने धरलेल्या सांताना जहाजाच्या भरपाईपोटी पेशव्यांच्या दरबाराने १७७९ च्या तहान्वये नगर हवेलीतील गावांचा वार्षिक बारा हजार रुपयांचा महसूल पोर्तुगिजांस लावून दिला, तेव्हा दिला तो सरंजाम होता, मुलखाची सार्वभौम सत्ता नव्हे. आणि १९६० साली हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयानेही त्या तहाचा हाच अर्थ ग्राह्य धरला, मात्र पुढे इंग्रजी अमलात पोर्तुगिजांचे प्रभुत्व मान्य होत गेले, असेही त्याने नमूद केले.

पोर्तुगिजांनी १८८५ मध्ये नगर हवेलीतील आपले ठाणे दरारा गावाहून सिल्वासास हलविले. तेथेच २ ऑगस्ट १९५४ रोजी आझाद गोमंतक दलाच्या व राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या तरुणांनी तिरंगा चढविला, आणि पळून गेलेला पोर्तुगीज अधिकारी कॅप्टन फिदाल्गो याने ११ ऑगस्टला शरणागती पत्करली. यापुढचा काळ मला मुक्तिसंग्रामाहूनही विचारार्ह वाटतो. भारत सरकारने मुलूख लगोलग आपल्यात सामील करून घेतला नाही. म्हणून वारली, कोकणा, धोडिया या आदिवासींच्या या इवल्याशा प्रदेशास स्वतःचा कारभार स्वतःच उभारावा लागला. वरिष्ठ पंचायत स्थापन झाली, आप्पासाहेब करमळकर प्रशासक झाले, आणि कचेरीत सापडलेल्या पोर्तुगीज तिकिटांवर ‘मुक्त प्रदेश’ अशा अर्थाची इंग्रजी अक्षरे छापून त्यांच्यावरच टपाल चालविण्यात आले.

सात वर्षांनंतर वरिष्ठ पंचायतीने विलीनीकरणाचा ठराव केला. परंतु करार दोन सरकारांत व्हावयाचा, म्हणून भारतीय प्रशासकीय सेवेतील के. जी. बदलानी यांस एका दिवसापुरते या मुलखाचे पंतप्रधान नेमण्यात आले, आणि ११ ऑगस्ट १९६१ रोजी पंडित नेहरूंबरोबर त्यांनी करारावर सही केली. ज्या प्रदेशापाशी राज्याची बहुतेक साधने होती, त्याने ती स्वखुशीने भारताच्या स्वाधीन केली, ही गोष्ट आपल्या इतिहासलेखनात पुरेशा आदराने नोंदली गेलेली नाही, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

दहाव्या घटनादुरुस्तीने हा मुलूख केंद्रशासित झाला, पण त्यास विधिमंडळ मिळाले नाही. राजधानी दिल्लीनेही १९५६ मध्ये आपली विधानसभा गमावली होती. तिला १९९१ च्या एकोणसत्तराव्या दुरुस्तीने ती परत मिळाली, आणि पूर्ण राज्याची तिची मागणी देशभर गाजत राहिली. सिल्वासाच्या वाट्यास असा गाजावाजा आला नाही. २६ जानेवारी २०२० रोजी हा प्रदेश दमण-दीवशी जोडला गेला, नव्या प्रदेशाचे मुख्य ठाणे दमण झाले, आणि सात वर्षे आपला मुलूख आपण चालविलेल्या लोकांना कायदेमंडळ अद्यापही लाभलेले नाही.