बॅन्फ: मालकीच्या वादातून उभे राहिलेले गाव

कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात, रॉकी पर्वतरांगेतील बो नदीच्या खोऱ्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे १,४०० मीटर उंचीवर बॅन्फ वसले आहे. आज तिथे लोक जातात ते स्कीइंग, गिर्यारोहण आणि डोंगरवाटांची भटकंती यांसाठी. गाव वसले ते मात्र सल्फर पर्वताच्या उतारावरील गरम झऱ्यांमुळे. त्याहीपेक्षा, ते झरे कोणाचे यावरून झालेल्या भांडणामुळे.

डोंगरावर पडणारे पाऊस-बर्फाचे पाणी खडकाच्या भेगांतून काही किलोमीटर खोल मुरते, भूगर्भातील उष्णतेने तापते आणि प्रस्तरभंगाच्या वाटेने पुन्हा वर येते. वाटेत त्यात खनिजे विरघळतात. पाण्याला असलेला गंधकाचा उग्र दर्प सूक्ष्मजीवांमुळे येतो. वरच्या अंगाचे झरे सर्वांत गरम असून त्यांचे तापमान कधी कधी ४७ अंश सेल्सियसपर्यंत जाते. खाली एका गुहेतले पाणी कोमट असते. स्टोनी नाकोडा आणि इतर आदिवासी समूहांचा या खोऱ्यात पिढ्यान्पिढ्या वावर होता आणि झरे त्यांना ठाऊक होते. तरीही छापील इतिहासात ‘शोधा’चे श्रेय गेले ते रेल्वेच्या मजुरांना.

१८८३ च्या नोव्हेंबरात कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेच्या कामावरील विल्यम आणि टॉम मॅककार्डेल हे भाऊ व फ्रँक मॅककेब यांना जमिनीतून वाफ येताना दिसली. जमिनीतल्या भोकात झाडाचे खोड सोडून ते शिडीसारखे वापरत खाली उतरल्यावर त्या गुहेतले कुंड सापडले. तिघांनी तिथे हक्क सांगितला. पण गरम पाणी खाणीच्या कायद्यात बसेना आणि शेतजमिनीच्याही नाही. बघता बघता इतर दावेदार उभे राहिले, त्यात एक खासदारही होता. अखेर सरकारने २५ नोव्हेंबर १८८५ रोजी झऱ्यांभोवतीची सुमारे २६ चौरस किलोमीटर जमीन राखीव ठेवून हा गुंता सोडवला. १८८७ च्या कायद्याने हे क्षेत्र ६७३ चौरस किलोमीटर झाले आणि कॅनडाचे पहिले राष्ट्रीय उद्यान अस्तित्वात आले.

यामागे निसर्गप्रेमच होते, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. देशभर टाकलेल्या रेल्वेमार्गावर सरकारचा अफाट पैसा खर्च झाला होता आणि डोंगराळ भागात वाहतुकीसाठी माल फारसा नव्हता. झऱ्यांवर येणाऱ्या श्रीमंत प्रवाशांकडून त्यातला काही भाग वसूल व्हावा, हा पंतप्रधान जॉन मॅकडोनल्ड यांचा हिशेब होता. रेल्वेचे सूत्रधार विल्यम व्हॅन हॉर्न यांनाही तो पटणारा होता. त्यांनी उभारलेले भव्य बॅन्फ स्प्रिंग्ज हॉटेल १८८८ मध्ये उघडले. बांधकामात इमारतीची दिशाच उलटी झाली आणि दरीचा उत्तम देखावा स्वयंपाकघराच्या वाट्याला आला, अशी आख्यायिका आहे. रेल्वेचे डॉक्टर आर. जी. ब्रेट यांनी त्याआधीच, १८८६ मध्ये, आपले सॅनिटोरियम सुरू केले होते. संधिवाताचे रुग्ण तिथे स्नानासाठी येत. ब्रेट यांच्या झऱ्यावरील स्नानगृहात बऱ्या झालेल्यांच्या म्हणून कुबड्या टांगलेल्या असत. जाहिरातीची ही रीत देवळातल्या नवसाच्या वस्तूंची आठवण करून देणारी होती. हेच ब्रेट पुढे अल्बर्टाचे लेफ्टनंट गव्हर्नर झाले.

झऱ्यांसाठी आलेल्यांची नजर हळूहळू शिखरांकडे वळली. १८९६ मध्ये लेफ्रॉय शिखरावर अमेरिकन गिर्यारोहक फिलिप ॲबट यांचा मृत्यू झाला आणि अनुभवी वाटाड्यांची गरज ठळक झाली. १८९९ पासून रेल्वेने एडवर्ड फॉइझ आणि ख्रिश्चन हेस्लर यांच्यासारखे स्विस वाटाडे नोकरीवर ठेवले. पर्यटकांसाठी डोंगर असे खुले होत असताना स्टोनी नाकोडांच्या शिकारीवर मात्र उद्यानात बंदी आली. वर्षातून एकदा पारंपरिक पोशाखात पाहुण्यांसमोर खेळ आणि नाच करण्यापुरते त्यांना बोलावले जाई. पहिल्या महायुद्धात इथे आणखी एक अप्रिय अध्याय घडला. शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरवून नजरकैदेत टाकलेल्या, बहुतांश युक्रेनियन वंशाच्या पुरुषांना उन्हाळ्यात कॅसल पर्वताच्या पायथ्याशी आणि हिवाळ्यात थेट गुहेच्या झऱ्याशेजारच्या छावणीत ठेवले जाई. उद्यानातले काही रस्ते त्यांच्या श्रमांतून झाले.

पुढे मोटारी आल्या. १९२० च्या दशकात नॉर्क्वे डोंगरावर स्कीइंग रुजले आणि उन्हाळी गाव बारमाही होऊ लागले. १९३० मध्ये उद्यानाला बॅन्फ हे नाव मिळाले. आज त्याचे क्षेत्र ६,६४१ चौरस किलोमीटर आहे.

ज्या गुहेवरून सारे घडले, तिथे आता स्नान करता येत नाही. १९१४ मध्ये बांधलेला तिथला मोठा तलाव पुढे बंद झाला आणि स्नानाची सोय वरच्या झऱ्यावर, १९३२ च्या स्नानगृहात, राहिली. गुहेच्या पाण्यात हात घालण्यासही मनाई आहे, कारण त्यात मक्याच्या दाण्याहून मोठी न होणारी एक गोगलगाय राहते. जगात ती फक्त सल्फर पर्वताच्या काही झऱ्यांत सापडते आणि माणसाच्या अंगावरील तेलकट मलमेही तिला घातक ठरू शकतात. १९९० मध्ये बॅन्फला स्वतंत्र नगरपालिका मिळाली, पण जमीन अजूनही केंद्र सरकारची आहे. घरमालक फक्त भाडेपट्ट्याने ती वापरतात आणि गावात राहायचे तर तिथे नोकरी-धंदा असणे, किंवा तसा असणाऱ्याच्या कुटुंबातले असणे, हा सर्वसाधारण नियम आहे.