तळटीप : एज्जतोल्लाह एन्तेजामी

एज्जतोल्लाह एन्तेजामी (१९२४–२०१८) : तेहरानच्या रंगभूमीवर उमेदवारी करून, पुढे जर्मनीत नाट्य व चित्रपटकलेचे अध्ययन करून परतलेले हे इराणी नट. दार्युश मेहर्जुई यांच्या ‘गाय’ (१९६९) या चित्रपटात, एकुलती एक गाय मेल्याच्या आघाताने भ्रमिष्ट होऊन स्वतःसच गाय मानू लागलेला मश्द हसन त्यांनी साकारला. गोठ्यात वैरण चघळताना त्याच्या नजरेतून मनुष्यत्व जे क्रमाक्रमाने ओसरत जाते, तसे दर्शन जागतिक पडद्यावरही विरळाच. देशातील दारिद्र्य उघडे पडेल या धास्तीने शहाच्या सरकारने चित्रपटाच्या निर्यातीस मनाई केली. तथापि १९७१ साली त्याची प्रत गुप्तपणे व्हेनिसला पोचली आणि त्याच वर्षी शिकागो महोत्सवात एन्तेजामींना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचे पारितोषिक मिळाले. क्रांतीनंतरच्या भूमिकांत अली हातमी यांचा ‘हाजी वॉशिंग्टन’ अवश्य पाहावा.