मोहल्ल्याची कमिटी आणि आपला किनारा



‘कमिटी’ हा शब्द कानी पडताच आपल्यापैकी अनेकांच्या डोळ्यांपुढे ईद किंवा गणपतीच्या तोंडावर पोलीस ठाण्यात भरणारी आणि चहा-बिस्किटांवर आटोपणारी बैठक उभी राहते. तिचे निमंत्रण कोणाकोणाला जाते, हेही आपणांस ठाऊक आहे. परंतु महाराष्ट्रात मोहल्ला कमिटीचा एक अगदी निराळा प्रयोग होऊन गेला. तो आपल्या मुलांना सांगण्यासारखा आहे, कारण त्याचे धागे आपल्या जिल्ह्यापर्यंत येतात.

मे १९७० मध्ये भिवंडीत शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी दंगल पेटली. तिची झळ जळगावला लागली, तशीच आपल्या महाडलाही लागली. आपला जिल्हा तेव्हा कुलाबा या नावाने ओळखला जाई. न्यायमूर्ती मादन यांच्या आयोगाने या तिन्ही गावांची चौकशी केली. भिवंडी हे यंत्रमागांचे शहर. उत्तरेकडून आलेले अन्सारी विणकर, तेलुगू पद्मशाली, आगरी आणि पूर्वापारचे आपले कोकणी मुसलमान, असे सर्व तेथे दाटीने राहतात. आयोगाचा अहवाल आला, पण मे १९८४ मध्ये भिवंडी पुन्हा जळाली.

१९८८ साली सुरेश खोपडे हे तेथे पोलीस उपायुक्त म्हणून आले. त्यांच्या ध्यानात आले की, जुन्या शांतता समित्यांत पुढाऱ्यांचा आणि बड्या असामींचा भरणा आहे. या मंडळींची गाठ सणापुरती पडते, आणि गल्लीत त्यांचे ऐकणारा कोणी नसतो. तेव्हा त्यांनी मोहल्लावार सुमारे सत्तर कमिट्या उभ्या केल्या. त्यांत दोन्ही समाजांतील साधी माणसे घेतली. बैठक ठाण्यात न भरता मोहल्ल्यातच भरे, आणि पोलीस तेथे चालून येत. तेथे दंगलीपेक्षा तुंबलेली गटारे, नळाचे पाणी, शेजाऱ्यांची भांडणे, रात्रीची गस्त अशा गोष्टींचीच चर्चा अधिक होई. कोणाला वाटेल, यात पोलिसांचे काय काम? परंतु गटारासाठी वर्षभर एकत्र बसलेली माणसे एकमेकांना नावाने ओळखू लागतात. मग अफवा उठली की ती खरी की खोटी, हे विचारायला जवळ माणूस असतो.

त्याची कसोटी डिसेंबर १९९२ मध्ये लागली. अयोध्येतील बाबरी मशीद पाडली गेल्यावर मुंबईत दोन टप्प्यांत दंगली झाल्या. श्रीकृष्ण आयोगाच्या नोंदीप्रमाणे त्यांत ९०० माणसे मृत्युमुखी पडली. मुंबईच्या उंबरठ्यावरील भिवंडी मात्र शांत राहिली. प्रा. आशुतोष वार्ष्णेय यांनी हिंदू-मुस्लिम संबंधांवरील आपल्या २००२ च्या ग्रंथात या उदाहरणाची मुद्दाम दखल घेतली आहे. प्रस्तुत लेखक त्या वेळी पाळण्यात होता. मुंबईच्या खोल्यांना कुलपे लावून कोणती कुटुंबे गावी परतली, हे आपल्या वडीलधाऱ्यांना विचारावे.

त्यानंतरची हकिकत आपल्या किनाऱ्याची आहे आणि ती टाळून चालणार नाही. १९९३ च्या जानेवारीत दिघीला आणि फेब्रुवारीत शेखाडीला शस्त्रे व आरडीएक्स उतरवले गेले. १२ मार्चच्या मुंबईतील बाँबस्फोटांत २५७ निरपराध माणसे मेली. माल उतरू देणाऱ्यांत कस्टम आणि पोलीस खात्यांतीलही माणसे होती व न्यायालयाने त्यांना दोषी ठरवले. पण बदनामी झाली ती साऱ्या किनाऱ्याची. रात्री खाडीत काय चालते, हे कोणी कोणाला विचारायचे नाही, ही जुनी रीत आपल्याला फार महाग पडली.

मुंबईत १९९४ साली पोलीस आयुक्त सतीश साहनी, माजी आयुक्त ज्युलिओ रिबेरो आणि सुशोभा बर्वे यांच्या पुढाकाराने मोहल्ला कमिट्या सुरू झाल्या. पोलीस आणि गल्लीतील पोरे यांचे क्रिकेटचे सामनेही भरू लागले. आपल्या किनाऱ्यावर पुढे सागर सुरक्षा दले आली, त्यांत कोळी बांधव आणि गावोगावचे तरुण आहेत. १८ ऑगस्ट २०२२ रोजी हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला माणसांविना एक बोट लागली. ती पाहून पोलिसांना खबर दिली ती गावकऱ्यांनीच. बोटीत तीन एके-४७ बंदुका निघाल्या. ओमानजवळच्या समुद्रात सोडून दिलेली ती बोट वाहत आल्याचे चौकशीत उघड झाले. घातपात नव्हता, पण गावाने या वेळी विचारले, ही गोष्ट लहान नाही.

भिवंडीच्या प्रयोगातील उणीवही सांगितली पाहिजे. तो एका अधिकाऱ्याच्या हिमतीवर उभा होता. त्यांची बदली झाली आणि कमिट्या सैल पडत गेल्या. जुलै २००६ मध्ये त्याच भिवंडीत कब्रस्तानालगतच्या पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून तंटा झाला. गोळीबारात दोन जण आणि जमावाच्या हल्ल्यात दोन पोलीस मेले.

आपल्याकडे जमात आहे. तिला अधिकारी लागत नाही, तिची बदली होत नाही. वर्गणी, कब्रस्तान, लग्नकार्य, भाऊबंदकीचा तंटा, सारे ती निभावते. पण ती आपल्यापुरतीच पाहते, आणि तिच्या बैठकीत आपल्या आया-बहिणी बसत नाहीत. हे माझे मत काहींना रुचणार नाही, तरी लिहितो.

आमच्या शाळेसमोरच्या रस्त्याचेच पाहा. शनिवारी दुपारी पर्यटकांच्या मोटारी भरधाव येतात, आणि त्याच वेळी मुले बाहेर पडतात. गतिरोधकासाठी तीन अर्ज गेले होते. जमातीला तो मशिदीपुढे हवा होता, कोळीवाड्याला मासळी बाजारापुढे आणि आम्हां शिक्षकांना फाटकापुढे. तिन्ही अर्ज संबंधित खात्यात पडून राहिले. अखेर शाळेच्या व्हरांड्यात सर्वांना बोलावले, स्त्रियांनाही. रोज दोन मुलांना हाताला धरून आणणारी एक आई म्हणाली, “सर, तिन्ही जागा चुकीच्या आहेत. गाडी दिसत नाही ती वळणावर.” आम्ही उठून जाऊन पाहिले. तिचे खरे होते. मग एकच अर्ज लिहिला, त्यावर जमातीच्या सदरांची, कोळीवाड्याच्या पाटलांची, मुख्याध्यापकांची आणि त्या बाईंची सही घेतली. सहा महिन्यांनी गतिरोधक झाला.

त्यावरील पांढरे पट्टे पहिल्याच पावसाळ्यात धुऊन गेले आहेत. त्यासाठीची बैठक येत्या महिन्यात व्हरांड्यातच आहे. या वेळी ती कोळीवाड्याने बोलावली आहे.