ऋतुचक्रनोंद (खेळाडूंची)

पाळीच्या तारखा, रक्तस्राव, पोटदुखी, झोप, थकवा आणि त्या दिवशीचा सराव यांची खेळाडूने स्वतः ठेवलेली नोंद. त्यासाठी वही, भिंतीवरच्या कालनिर्णयातली खूण, मोबाइलमधले ॲप किंवा मनगटी घड्याळ वापरतात.

ॲप मागच्या पाळ्यांच्या सरासरीवरून पुढची तारीख काढते. चक्र अनियमित असले की अंदाज चुकतो. काही घड्याळे तापमानही टिपतात, कारण स्त्रीबीज बाहेर पडल्यावर शरीराचे तापमान साधारण 0.3 ते 0.5 अंश सेल्सिअसने वाढते. 2019 च्या विश्वचषकात अमेरिकेच्या महिला फुटबॉल संघाने अशा नोंदी ठेवल्या आणि विषय जगभर पोचला. भारतात 2024 मध्ये वेटलिफ्टर मीराबाई चानू पाळीबद्दल मोकळेपणाने बोलली. पॅरिस ऑलिंपिकमध्ये एकूण 199 किलो उचलूनही तिचे कांस्यपदक एका किलोने हुकले. तो पाळीचा तिसरा दिवस होता.

कोणत्या दिवशी किती जोर लावावा, याचे सर्वांना लागू पडेल असे कोष्टक मात्र नाही. नोंद सर्वांत मोलाची ठरते ती पाळी थांबते तेव्हा. सरावाच्या मानाने खाणे कमी पडले की पाळी लांबते, मग बंद होते. हाडे ठिसूळ होऊन त्यांना बारीक तडे जाऊ शकतात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने या ऊर्जातुटीवर 2014 मध्ये निवेदन काढले. सलग तीन महिने पाळी आली नाही, तर डॉक्टरांना दाखवायलाच हवे.

1998 मध्ये धुळ्यातून वेगळ्या झालेल्या आदिवासीबहुल नंदुरबार जिल्ह्यात थकव्याची खूण आणखी नीट वाचावी लागते. भिल्ल, पावरा समाजांत सिकलसेल हा थकवणारा रक्ताचा आजार आढळतो; अंगावरून जास्त जाऊन झालेला रक्तक्षयही तसाच थकवतो. धावणाऱ्या मुलीचा थकवा नेमका कशाचा, हे घड्याळ सांगत नाही. त्याला रक्ततपासणीच लागते. महिनोन्‌महिने ठेवलेली वही तपासणाऱ्याला दिशा देते. अक्कलकुवा, धडगावच्या डोंगरपाड्यांत, जिथे रेंज मिळत नाही, तिथेही ही वही चालते. तेवढ्यासाठी महागड्या घड्याळाची वाट पाहू नये.

नोंद खेळाडूची असते. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक ठरवली आहे. वसतिगृहातल्या मुलीच्या तारखा फळ्यावर किंवा संघाच्या व्हॉट्सॲप गटात जाऊ नयेत. प्रशिक्षकाला ‘आज सराव हलका हवा’ एवढे कळले तरी पुरते.